तलावाचे आईबाप

माझ्या लग्नात पंगत अर्धा तास खोळंबली होती. कोणी रुसलं नव्हतं, वरण करपलं नव्हतं. आमच्या साहेबांनी खिशातून पाणसळ काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली होती आणि तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा काही केल्या मधोमध येत नव्हता. गवंडी भिंतीची पातळी पाहतो तीच ही पाणसळ. गवंडी ती पिशवीत ठेवतो, आमचे साहेब शर्टाच्या खिशात, पेनाच्या जागी. माझे सासरे रेल्वेतले गार्ड. ज्यांनी शिट्टी वाजवल्याशिवाय दुर्गहून गाडी हलत नसे ते सासरे हात जोडून उभे, आणि साहेब वाकून टेबलाच्या पायाखाली पत्रावळीची घडी सारत होते.

"मठ्ठा पूर्वेकडे वाहून राहिला न बाप्पा," ते टेबलाखालूनच म्हणाले. "पश्चिमेकडच्या लोकायनं काय पाप केलं?"

वऱ्हाडी हसले. सासरे हसले नाहीत. पुढे कित्येक वर्षं ते मला विचारत, "तुमचे ते बुडबुडेवाले साहेब कसे आहेत?" आणि दर वेळी मी नवा किस्सा सांगत असे. साठा भरपूर होता. एक किस्सा मात्र मी त्यांना सांगितला नाही. तो आज सांगणार आहे, पण आधी माणूस नीट उभा राहू द्या.

ते सिंचन खात्यात असिस्टंट इंजिनीअर होते आणि मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढणारा ट्रेसर. म्हणून मला ते 'पेन्सिल' म्हणत. ऑफिस दुर्गला, त्यांचं बिऱ्हाड रिसालीत दोन खोल्यांत, माझं स्मृतिनगरला. तेव्हा आम्ही सगळे मध्य प्रदेशात होतो. साधी रस्त्याखालची मोरी बांधायची तरी कागद भोपाळला जाऊन यायचा, आणि परत यायचा तेव्हा मोरीच्या जागी नाला झालेला असायचा. साहेब अंगानं उंच, वाळलेले, आणि पॅन्टचे दोन्ही पाय कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेले. ऑफिसातसुद्धा. मोठ्या साहेबांसमोर तर हमखास. कोणी टोकलं तर म्हणत, "कधी उतरा लागल, सांगता येते का?"

माणसं ओळखण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. छत्तीसगडचे शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतात. काळी, चिकट ती कन्हार. पिवळी ती मटासी. या दोन्हींच्या मधली ती डोरसा. आणि जिच्यात नुसते लाल खडे, पाणी ओतलं तर दिसेनासं होतं आणि उगवत काही नाही, ती भाठा. साहेबांनी सगळं ऑफिस या चार मातींत वाटून टाकलं होतं. हेडक्लार्क मटासी. मी डोरसा, म्हणजे बरा, पण भरवसा नाही. मोठे साहेब भाठा. एकदा जीपमध्ये मी धीर करून विचारलं, "आणि बाईसाहेब?" त्यांच्या पत्नी त्यांच्याजवळ राहत नाहीत, भिलाईतच सेक्टर दहामध्ये भावाकडे राहतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. भांडण कशावरून ते कोणालाच ठाऊक नव्हतं.  साहेब रस्त्याकडे पाहतच म्हणाले, "कन्हार." आणि थोड्या वेळानं, न विचारता, "कन्हारीले भेगा पडल्या न पेन्सिल, तं वरून शिंपडून काही होत नाही."

कामावर त्यांचं एकच पालुपद होतं, "पाण्याले विचारलं का?" एका ठेकेदारानं नवी मोरी दाखवली, उतार अगदी चोख आहे म्हणाला, ऑफिसचे आकडे दाखवले, माझा नकाशा दाखवला. साहेबांनी शांतपणे विचारलं, "पाण्याले विचारलं का?" आणि बादलीभर पाणी मोरीच्या तोंडाशी ओतलं. पाणी चार पावलं गेलं, थबकलं, विचार केल्यासारखं वळलं आणि ठेकेदाराच्या बुटात शिरलं. "नाही म्हणते," साहेब म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पण त्यांचं सगळ्यात त्रासदायक खूळ वेगळंच होतं. दौऱ्यावर ते घरचं पाणी कधी नेत नसत. गावात जीप थांबली की समोर ज्या घराचं दार असेल तिथून तांब्याभर पाणी मागायचं आणि उभ्यानं प्यायचं. पाणी गढूळ असो, शेवाळलेलं असो, त्याला म्हशीचा वास येत असो. तांब्या रिकामा केल्यावरच सरपंचाशी बोलायचं. आणि आम्हालाही प्यायला लावायचं. "जे पाणी तू पेत नाही, त्याचा नकाशा कावून काढतो बे?" मी सीटखाली किटलीत उकळलेलं पाणी लपवून नेत असे आणि ड्रायव्हरला त्यातला वाटा देऊन त्याचं तोंड बंद ठेवत असे. तरी माझं पोट वारंवार बिघडे. त्यांचं कधी नाही. मला वाटे, ही ऐट आहे. आपण किती साधे, हे दाखवण्याचीही ऐट असतेच. मी घरी त्यांची नक्कल करून दाखवायचो: डोळे मिटून तांब्या तोंडाला लावायचा, गटागट प्यायचं आणि मग काही घडतंय का याची वाट पाहिल्यासारखं क्षणभर थांबायचं. ते थांबणं मला फार छान जमे. बायको पोट धरून हसे. ते कशाची वाट पाहत थांबतात, हा प्रश्न मात्र मला पडला नव्हता.

आता ते गाव. शिवनाथच्या पलीकडे, बसरस्त्यापासून आत. बोअर मारून पाहिले होते, खाली नुसता खडक. पिण्यापासून गुरं धुण्यापर्यंत सगळ्याला एकच जुना तलाव, आणि तो उन्हाळ्यात आटून चिखलावर यायचा. पोरं जुलाबानं हैराण व्हायची. साहेबांनी त्या गावासाठी नवा तलाव मंजूर करून घ्यायला भोपाळच्या किती खेपा घातल्या, ते त्यांनाच ठाऊक. गुरांना वेगळा घाट, माणसांना वेगळा, पाणी आत येतं तिथे गाळ अडवायला दगडांची भिंत. नकाशा मी काढला होता आणि आजही सांगतो, माझ्या हातून तितका देखणा कागद पुन्हा उतरला नाही.

खोदकाम चालू असताना गावकरी साहेबांकडे आले होते. गावात तलावाला 'तरिया' म्हणतात आणि ती बाई असते. "साहब, बीच मा खंभा गडबो न?" मधोमध खांब रोवायचा ना, एवढंच त्यांनी विचारलं.

साहेब खूश झाले. "खांबा मी देतो तुमाले! पक्का. तुमच्या नातवायच्या नातवापर्यंत हालणार नाही."

गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबाला नाही कसं म्हणायचं? ते रामराम करून परतले. आणि साहेबांनी तलावाच्या मधोमध सिमेंटचा भक्कम खांब उभा केला, त्यावर पाण्याची उंची कळावी म्हणून फुटांचे आकडे लाल रंगात रंगवून घेतले. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. हिवाळ्यात दुर्गहून एक पुढारी आला, त्यानं फीत कापली, बुंदीचे लाडू वाटले गेले, आणि आम्ही टाळ्या वाजवून परतलो.

उन्हाळा लागल्यावर आम्ही पुन्हा त्या गावात गेलो. नव्या तलावात निळंशार पाणी, त्यावर बगळे. आणि बांधावरून बायकांची रांग डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन, त्या पाण्याकडे न पाहता, जुन्या तलावाच्या चिखलाकडे चाललेली. साहेब चालत्या जीपमधूनच उतरले. रांगेत सगळ्यात मागे एक म्हातारी होती, तिला त्यांनी गाठलं.

"दाई, हे पानी काबर नइ लेगस?" दाई म्हणजे आई; हे पाणी का नेत नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"तरिया कुँवारी हे, साहब." म्हातारीनं पोराला समजवावं तसं समजावलं. "बिहाव नइ होय हे. कुँवारी के पानी कइसे पीबो?"

तलाव अजून कुंवार आहे, लग्न न झालेल्या तलावाचं पाणी प्यायचं कसं? त्या भागात अनेक गावांत ही रीत आहे. नवा तलाव खोदला की त्याचं लग्न लावतात. जंगलातून सालाच्या झाडाचा खांब आणतात, त्याला हळद लावतात, वाजतगाजत नेऊन तलावाच्या मधोमध रोवतात. त्यानंतर ते पाणी माणसांचं. तोवर ते पाखरांचं आणि आभाळाचं.

"अन् मी देला तो खांबा?" साहेबांनी विचारलं. घाबरले की ते म्हातारीशीसुद्धा नागपुरीत बोलत.

म्हातारीनं सिमेंटच्या खांबाकडे पाहिलं, त्यावरच्या लाल आकड्यांकडे पाहिलं, आणि तोंडाचं बोळकं उघडून हसली. "सीमेंट के दूल्हा होथे का?"

बायका हसल्या, मी हसलो, ड्रायव्हर हसला. साहेब हसले नाहीत. ते त्या रांगेमागोमाग जुन्या तलावापर्यंत गेले. तिथलं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं, प्यायले आणि ते त्यांचं थांबणं थांबले. मग गावात शिरले. तीन घरांत पोरं आजारी होती. एका घरात आई पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच चिखलातलं पाणी चमच्यानं त्याच्या तोंडात घालत होती. साहेब उंबऱ्यापाशी थांबले. आत गेले नाहीत. मी त्यांना कुठल्याच उंबऱ्यावर असं थांबलेलं पाहिलं नव्हतं.

मोठ्या साहेबांनी त्यांचा अर्ज वाचून एकच वाक्य सांगितलं: शासकीय कामात लग्नाची तरतूद नाही. "भाठा," साहेब जिन्यावरून उतरताना म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी सालाचा खांब आणायला जंगलात माणूस धाडला. खरी अडचण पुढेच होती. ती बइगानं सांगितली. बइगा म्हणजे गावाचा पुजारी. अंगानं बुटका, आवाजानं मोठा.

"जेन खोदवाइस, ओही बइठही," बइगा म्हणाला. "जोडी संग." ज्यानं तलाव खोदवला त्यानं बसायचं, जोडीनं. तरियाचे आईबाप म्हणून.

"सरपंच बसन," साहेब म्हणाले.

ते चालत नव्हतं. गावात दोन पारे, म्हणजे दोन वस्त्या, आणि दोघींचं जुनं वैर. या पाऱ्याचा माणूस बाप म्हणून बसला तर त्या पाऱ्याच्या लेखी तलाव परक्याचा झाला. ते पिणार नाहीत. दोन्ही पाऱ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: बाप तुम्ही.

"मी एकटा राहतो," साहेब म्हणाले.

"दाई जियत हे?" पत्नी जिवंत आहे का, बइगानं विचारलं.

"आहे."

"त अकेल्ला नइ होवय, साहब."

आम्ही परत निघालो. रिसाली आली, साहेब उतरले, दोन पावलं गेले आणि परत आले. "रविवारी मोकळा आहेस का रे पेन्सिल? सेक्टर दहाले जा लागते. तू सोबत ये."

मी उत्साहानं हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की एक झकास किस्सा मिळणार.

सेक्टर दहाचं ते क्वार्टर. पुढे जाईची वेल, आत वेताच्या खुर्च्या. मेहुणे स्टील प्लँटमध्ये ड्युटीवर होते. बाईंनीच दार उघडलं. पांढऱ्या होत आलेल्या केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांवर चष्मा. शेजारच्या पोरांची शिकवणी चालू होती, त्यांना त्यांनी सुट्टी दिली. आम्हाला बसायला सांगितलं. म्हणजे मला सांगितलं.

"तुम्ही बसा. अन् त्यायलेही सांगा, बसा म्हणा."

साहेब माझ्या शेजारच्याच खुर्चीशी उभे होते. मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "बसा म्हणतात."

"तिले सांग, गावात लग्न आहे," साहेब मला म्हणाले.

"गावात लग्न आहे," मी बाईंना म्हणालो.

"कोणाचं?"

"तलावाचं," मी स्वतःच सांगून टाकलं आणि मग खांबापासून बइगापर्यंत सगळी हकिकत रंगवून सांगितली. सिमेंटच्या नवरदेवाला बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मी जोरात आलो. आईबाप बसावे लागतात, तुम्ही आई म्हणून बसायचं आहे, असं मी म्हणालो आणि ते हललेलं जागच्या जागी थिजलं.

"पोरीच्या लग्नाले आई लागते, असं म्हणतात का ते लोक?"

"हो."

"त्यायले विचारा," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगी तापानं पडली होती तेव्हा मी काय मागितलं होतं."

मी साहेबांकडे वळलो. साहेबांनीच उत्तर दिलं. माझ्याकडे पाहत, धडा म्हणून दाखवावा तसं.

"उकळलेलं पाणी."

"अन् हे काय बोलले होते?"

"त्या गावात लोकायपाशी चूल पेटवायले लाकूड नाही. गाव उकळत नाही तं आपण कावून उकळायचं, असं बोललो होतो."

"पूर्ण सांगा म्हणा."

"मजबूत होईल, बोललो होतो."

 आतल्या खोलीत शिकवणीच्या पोरांपैकी एकाचा डबा राहिला होता, तो न्यायला ते दारात आलं आणि आमची तोंडं पाहून तसंच परत गेलं. त्या कुठल्याशा आडगावात साहेबांची पहिली बदली, चार वर्षांची मुलगी, आणि दवाखाना नदीपलीकडे, एवढंच मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. अधिक मी विचारलं नाही.

मग बाईंनी मला विचारलं, "अजून पितात का तसंच? ज्या गावी गेले तिथलं?"

"हो. प्रत्येक गावी."

"अन् काही होत नाही."

"नाही. कधीच नाही."

"हं," बाई म्हणाल्या. "लागावं म्हणून पितात. लागत नाही."

मी ज्या थांबण्याची घरी नक्कल करत होतो, ते थांबणं काय होतं ते मला त्या वेताच्या खुर्चीत बसून कळलं. त्यानंतर ती नक्कल मी केलेली नाही.

येते किंवा नाही येत, यातलं काहीच बाईंनी सांगितलं नाही. लग्नाचा दिवस कोणता, एवढं विचारलं, तेही मला.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून गाव सजून बसलं होतं. खांबाला हळद लावून झाली होती. गड़वा बाजावाले, म्हणजे गावचे वाजंत्री, वाजवून वाजवून थकले आणि सावलीत बसले. दोन्ही पाऱ्यांची माणसं बांधावर, पण मध्ये हातभर अंतर ठेवून. साहेब बसरस्त्याच्या वळणावर जाऊन उभे होते. मी त्यांच्या मागे. दुर्गची बस आली आणि गेली. कोणी उतरलं नाही. बइगा येऊन सांगून गेला की मुहूर्त फार थांबत नाही. जुन्या तलावात तेव्हा गुंड बुडेल एवढंही पाणी उरलं नव्हतं.

दुसरी बस आली. कंडक्टर उतरला, शिडीनं टपावर चढला आणि त्यानं वरून लाकडाची मोळी खाली टाकली. बाभळीची, नीट फोडलेली, सुतळीनं बांधलेली. मागून बाई उतरल्या. अंगावर जुनं हिरवं रेशमी लुगडं, हातात मोठं पितळी पातेलं.

"दाई, भिलाईहून लाकडं?" कंडक्टरला राहवेना. "गावाला जाताना कोणी मोळी नेतं का?"

"माहेरचा आहेर आहे," बाई म्हणाल्या. मग मला, "त्यायले सांगा, मोळी उचला."

साहेबांनी मोळी खांद्यावर घेतली. बाई पुढे, मोळी घेतलेले साहेब मागे, त्यांच्यामागे पातेलं घेतलेला मी, अशी आमची वरात गावात शिरली. बाजावाले दचकून उठले आणि वाजवू लागले.

दोघांना पाटावर बसवलं. बइगानं साहेबांच्या उपरण्याची आणि बाईंच्या पदराची गाठ मारली. बायकांनी बिहाव गीत धरलं. खांब सहा जणांनी खांद्यावर घेतला, छातीइतक्या पाण्यात उतरले आणि मधोमध रोवला. शेजारी आमचा सिमेंटचा खांब, आमंत्रण नसताना आलेल्या ऑफिसरासारखा, लाल आकडे मिरवत उभा. पण आता त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. बइगानं नव्या पाण्याचा तांब्या भरून आणला. पहिला घोट आईबापांनी घ्यायचा, मग सगळ्या गावानं. त्यानं तांब्या बाईंच्या पुढे धरला.

बाईंनी तांब्याच्या तोंडावर तळहात ठेवला.

वाजंत्री थांबली. बांधावरची माणसं उभी राहिली. बाईंनी गर्दीत मला शोधलं. पदराला नवऱ्याची गाठ, खांद्याला खांदा लागलेला, आणि तरीही त्या मला म्हणाल्या, "त्यायले सांगा, आधी उकळा."

"पानी ला चूल्हा मा?" बइगाचा आवाज प्रथमच बारीक झाला. असं कोणी कधी केलं नव्हतं. दोन्ही पाऱ्यांतून कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, संपलं, आता हे पाणी कोणी पिणार नाही. मी निरोप सांगायला तोंड उघडलं.

सांगावं लागलं नाही. साहेब उठले होते. ते उठले म्हणून गाठीमुळे बाईंनाही उठावं लागलं. ते मोळीकडे गेले, बाई सोबत गेल्या. ते दगड शोधू लागले, बाई त्यांच्या मागे मागे. तीन दगड त्यांनी मांडले. पाणसळ काढली नाही. लाकडं रचली, गुडघे टेकले आणि फुंकू लागले. धूर डोळ्यांत गेला, खोकला आला, तरी फुंकत राहिले. बाई शेजारी बसून होत्या, गाठ ताणली जाऊ नये इतक्या जवळ. ते पाहून बइगाला काय वाटलं कोण जाणे. तो मोठ्यानं म्हणाला की लग्नाला अग्नी साक्षी लागतोच, आणि स्वतःच्या हातानं पातेलं चुलीवर ठेवलं.

सगळं गाव पाणी उकळायची वाट पाहत बसलं. त्या दिवशी दोन्ही पाऱ्यांमधलं हातभर अंतर कधी मिटलं ते माझ्या लक्षात आलं नाही; धूर चुकवता चुकवता माणसं सरकत गेली असावीत. पाणी खळखळलं. बाईंनी तांब्या भरला आणि दुसऱ्या तांब्यात ओतला, त्यातून पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात, लहान मुलासाठी दूध निववतात तसं. साहेब त्या धारेकडे पाहत होते. मी दुसरीकडे पाहिलं.

निवल्यावर बाई अर्धा तांब्या प्यायल्या. उरलेला त्यांनी साहेबांच्या हातात दिला. साहेब प्यायले. आणि थांबले नाहीत. तांब्या लगेच बइगाकडे दिला.

तेव्हा ती हसणारी म्हातारी पुढे आली. "रोज उबाले बर परही का, बाई?" रोज उकळावं लागेल का? आणि मग तिनं ते विचारलं. "लकडी कोन दिही?"

लाकूड कोण देणार. तिनं वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. तिच्याकडे खरोखरच तेवढं लाकूड नव्हतं.  बाईंनी मान वळवली आणि साहेबांकडे पाहिलं, सरळ, माझ्यामार्फत नाही.

"मैं दुहूँ, दाई," साहेब म्हणाले. मी देईन.

आणि त्यांनी दिलं. बांधावर एक झुडूप दिसलं तरी गावकऱ्यांना फैलावर घेणारा हा माणूस, मुळं बांध फोडतात म्हणून. त्यानं बांधापासून दूर, पडीक भाठ्यावर, जिथे काही उगवत नाही तिथे, खड्डे खणून काळी माती भरली आणि बाभळी लावल्या. झाडं मोठी होईपर्यंत भिलाईच्या टालांवरून, म्हणजे लाकडाच्या वखारींतून, लाकडाचे तुकडे आमच्या सरकारी जीपमधून त्या गावात जात राहिले. मोठ्या साहेबांना ते कळलं तेव्हा चौकशी लागली. कागद भोपाळला गेला आणि नेहमीप्रमाणे ओळखू येणार नाही अशा रूपात परत आला. तोवर साहेब निवृत्त होऊन रिसालीचं बिऱ्हाड मोडून त्या गावातच राहायला गेले होते. बाई सेक्टर दहामध्येच राहिल्या. पण दर रविवारी बसनं तिथे जातात, असं माझ्या कानावर आलं.

छत्तीसगड वेगळं होण्याची बोलणी जोरात होती त्या सुमारास मी एकदा त्यांना भेटायला गेलो. रविवारच होता. बाभळी आता माणसाच्या दीडपट उंच. साहेब घाटाच्या पायरीवर बसून पोरांना पाण्यात उतरण्याआधी पाय धुवायला लावत होते. थकले होते, पण मला पाहून ओरडले, "ये बे डोरसा!"

"बाई आल्या नाहीत का आज?" मी विचारलं.

"आली न. गावात फिरून राहिली. घरोघरी गुंडावरची झाकणं उघडून पाहते, पाणी उकळलं का नाही ते."

"लोक ऐकतात?"

"भेतात. मले कधी भेले नाही तेवढे तिले भेतात."

"आणि तुमचा गुंड?"

साहेबांनी एका पोराचा पाय धरून टाचेचा चिखल स्वतःच धुतला. 

"माझ्याच घरापासून सुरू करते ती," ते म्हणाले. "आज पाहून गेली. 'झाकण नीट लावत जा,' म्हणाली." आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मलेच म्हणाली."